वीस शिलिंग आणि चार मेंढ्या

गेल्या हिवाळ्यापासून माझ्या उशाशी एका बाईच्या मृत्युपत्राची प्रत आहे. बाई माझ्या नात्यातली नाही, माझ्या देशातली तर नाहीच. एलिझाबेथ हाउलंड तिचं नाव. १७ डिसेंबर १६८६ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, लेकीकडे राहत असताना तिने हे लिहवून घेतलं. त्यात जमिनीचा एक तुकडा आहे, बाकी सगळं घरातलं: चादरी, उशांचे अभ्रे, पिसांच्या गाद्या, एक मोठं लोखंडी भांडं, चार मेंढ्या. माझी नात तिची तेराव्या पिढीतली वंशज आहे, हे मला आता कागदानिशी सांगता येतं.

सुरुवात झाली नातीच्या शाळेतून. मी बोस्टनजवळ लेकीकडे राहते. नात पाचवीत आहे, तिला वर्गात वंशवृक्ष काढून न्यायचा होता. आमची बाजू तासाभरात भरून झाली. सासरचा छापील कुलवृत्तान्त होता आणि माहेरचं मला पाठच आहे. जावयाच्या बाजूसाठी विहीणबाईंनी त्यांच्या आईची वही पाठवली. निळ्या शाईत, बारीक अक्षरात पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या, आणि सगळ्यांत वर दोन ओळी. ‘जॉन हाउलंड, मेफ्लॉवर, १६२०.’ त्याखाली ‘मुलगी होप.’ मेफ्लॉवर म्हणजे १६२० साली इंग्लंडहून माणसं घेऊन इथे आलेलं जहाज, त्याच माणसांनी प्लिमथची वसाहत वसवली.

माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, भूमी अभिलेख खात्यात गेली. ‘ही जमीन आमच्या पणजोबांची’ असं म्हणत कुणी आलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, कागद काय आहे? फेरफार कितवा, वारस नोंद कधीची, मोजणी झाली होती का? वही पाहिली आणि सवयीने तेच तोंडून निघून गेलं. विहीणबाईंना वाईट वाटेल असं मला नंतर वाटलं. पण त्या म्हणाल्या, मलाही तेच हवं आहे, माझे डोळे आता साथ देत नाहीत, तुम्ही बघाल का? त्या दिवसापासून आम्ही दोघी रविवारी दुपारी फोनवर बसतो. त्या वही वाचून दाखवतात, मी इकडे कागद शोधते.

अलीकडच्या पिढ्या सोप्या गेल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१पासून जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी राज्य पातळीवर ठेवल्या गेल्या आणि १८५०च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलेलं सापडतं. त्याआधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, बाकीची माणसं म्हणजे नुसते आकडे. त्यामागे गावांची दप्तरं, चर्चच्या नोंदी. अगदी जुन्या पिढ्यांसाठी मेफ्लॉवरच्या वंशजांच्या संस्थेने पहिल्या पाच पिढ्या पुराव्यांसह छापल्या आहेत, त्यांचा मोठा आधार झाला. एक मात्र सांभाळावं लागतं. जॉनचे दोन भाऊ, हेन्री आणि आर्थर, हेही मागाहून इथे आले. आडनाव हाउलंड आणि गावं शेजारची, त्यामुळे एका भावाची मुलं दुसऱ्याच्या नावावर सहज चढतात. एकाच नावाचे दोन खातेदार एकाच गावात असले की आमच्याकडे काय व्हायचं ते मला माहीत होतं, म्हणून मी प्रत्येक पायरीला थांबत गेले.

बार्नस्टेबल परगण्याशी आले तेव्हा मात्र मन खट्टू झालं. होप लग्नानंतर तिथे राहत होती. तिथल्या कोर्टाच्या इमारतीला १८२७ साली आग लागली आणि जमिनीच्या खरेदीखतांची दप्तरं जवळजवळ सगळी जळाली. मृत्युपत्रांची दप्तरं वाचली. ज्या माणसाने आयुष्यभर दप्तरं सांभाळली त्याला असं काही वाचताना काय होतं ते लिहून सांगता येणार नाही. मी त्या रात्री लेकीला दोनदा सांगितलं, ती म्हणाली, आई, दोनशे वर्षं झाली त्याला.

जॉनची गोष्ट इथल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तो इंग्लंडमधल्या हंटिंग्डनशायरच्या फेन्स्टँटन गावचा, जॉन कार्व्हर यांच्याकडे नोकर म्हणून जहाजावर चढलेला. मध्यसमुद्रात वादळ उठलं असताना तो वर डेकवर आला आणि जहाज कलंडताच पाण्यात फेकला गेला. शिडाचे काही दोर बाहेर लोंबत होते, त्यांतला एक त्याच्या हाताला लागला. पाण्याखाली कित्येक पुरुष खोल गेला तरी त्याने दोर सोडला नाही. वरच्यांनी त्याला ओढून पाण्याच्या पातळीपर्यंत आणलं आणि मग आकडी लावून जहाजावर घेतलं. हे वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहून ठेवलं आहे. त्यापायी तो थोडा आजारी पडला, पण जगला. आज त्याचे वंशज मोजता येणार नाहीत इतके आहेत, फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष त्यांतलेच. नातीला या राष्ट्राध्यक्षांचं काही विशेष वाटलं नाही. तिने विचारलं, दोर कुणी ओढला? त्या माणसांची नावं ब्रॅडफर्डने लिहिलेली नाहीत.

माझं लक्ष मात्र एलिझाबेथकडे लागलं होतं. तिचं माहेरचं आडनाव टिली. बेडफर्डशायरच्या हेन्लो गावात ३० ऑगस्ट १६०७ रोजी तिचा बाप्तिस्मा झाला. जहाजावर ती तेरा वर्षांची होती, आईबाप बरोबर होते, काका-काकू बरोबर होते. जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं पहिल्याच हिवाळ्यात गेली. त्यांत हे चौघेही गेले. म्हणजे वसंत आला तेव्हा या मुलीचं रक्ताचं म्हणावं असं वडीलधारं माणूस त्या किनाऱ्यावर उरलं नव्हतं. कार्व्हर वसाहतीचे पहिले गव्हर्नर झाले होते. तेही १६२१च्या एप्रिलमध्ये वारले आणि काही आठवड्यांतच त्यांची पत्नीही. मालकाविना नोकर आणि आईबापांविना मुलगी. दोघांचं लग्न १६२३-२४च्या सुमाराला झालं.

याच एलिझाबेथबद्दल कितीतरी वर्षं चुकीचं सांगितलं जात होतं. ती गव्हर्नर कार्व्हर यांच्याच घराण्यातली, असं पिढ्यान् पिढ्या लोक सांगत आले, लिहीत आले. ब्रॅडफर्डचं हस्तलिखित तोवर बेपत्ता होतं. १८५५मध्ये ते लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात, फुलहॅम पॅलेसमध्ये असल्याचं कळलं आणि पुढच्या वर्षी ते छापलं गेलं. त्यात साधं सरळ वाक्य होतं, जॉन हाउलंडने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं, दोघं हयात आहेत, दहा मुलं आहेत आणि दहाही जिवंत आहेत. गव्हर्नरच्या नावाचा मान ऐकायला बरा वाटत असणार. पण त्या मानापायी जॉन आणि जोन टिली हे खरे आईबाप तिच्या नावामागून पुसले गेले होते, पहिल्या हिवाळ्यात मेलेली साधी माणसं. ती एका वाक्याने परत आली. विहीणबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती.

दहाही मुलं जगली, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या काळात, त्या थंडीत!

या कुटुंबाची सगळ्यांत पहिली यादी सापडते ती १६२७च्या मे महिन्यातली. तोवर वसाहतीतली जनावरं सामाईक होती, त्या दिवशी ती वाटून घेतली. माणसांचे तेरा-तेरांचे बारा गट केले आणि चिठ्ठ्या टाकल्या. चौथा गट जॉन हाउलंडचा. त्यात तो, एलिझाबेथ, मुलगा जॉन, मुलगी डिझायर, ऑल्डन कुटुंबीय आणि इतर काही माणसं. या तेरा जणांच्या वाट्याला ‘जेकब’ जहाजातून आलेल्या चार कालवडींपैकी एक आली, तिचं नाव रॅगहॉर्न. कारकुनाने कालवडीचं नावही लिहून ठेवलं आहे. नातीला हे सांगितलं तशी तिने वंशवृक्षाच्या कागदावर कोपऱ्यात एक गाय काढली. मी खोडायला सांगितलं नाही.

पुढची वर्षं भराभर सांगते. वसाहतीचं कर्ज ज्या आठ जणांनी अंगावर घेतलं आणि बदल्यात व्यापाराचा हक्क मिळवला त्यांत जॉन होता. मेनमधल्या केनेबेक नदीवरच्या व्यापारी ठाण्याचा तो काही काळ प्रमुख होता, १६३४मध्ये तिथे हद्दीवरून भांडण होऊन दोन माणसं मेली. मग रॉकी नूक नावाच्या ठिकाणी, प्लिमथच्या उत्तरेला, त्याने घर आणि शेतजमीन घेतली. नोकर म्हणून आलेला माणूस नावापुढे ‘मिस्टर’ लागण्याइतका मोठा झाला.

त्याचं मृत्युपत्र हाती आलं तेव्हा मी पहिल्यांदा अडखळले. मृत्युपत्राची तारीख २९ मे १६७२. आणि वसाहतीच्या दप्तरात त्याच्या मृत्यूची नोंद २३ फेब्रुवारी १६७२. माणूस फेब्रुवारीत वारला आणि मे महिन्यात मृत्युपत्र केलं? आमच्या खात्यात असा कागद आला असता तर मी तो बनावट म्हणून बाजूला ठेवला असता. दोन दिवस डोकं खपवलं. मग उलगडलं, आणि उलगडल्यावर इतकं सोपं वाटलं की मला पंचांगच आठवलं. आपलं शके जसं जानेवारीला बदलत नाही, चैत्राला बदलतं, तसं इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. म्हणजे मे १६७२ आधी आणि फेब्रुवारी १६७२ नंतर, आजच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६७३चा. हा नियम १७५२पर्यंत चालला. म्हणून अभ्यासक अशा तारखा १६७२/३ अशा दोन सालांनी लिहितात. नातीला तिरकी रेघ मारून दोन सालं लिहायला फार आवडलं. हिवाळ्यातली प्रत्येक तारीख आता ती आधी तपासून बघते.

अक्षर वाचायलाही वेळ लागला. मोडी वाचताना जशी आधी लिहिणाऱ्याच्या हाताची सवय करून घ्यावी लागते तसंच इथे. छापील प्रत शेजारी ठेवायची, मूळ पानाची छायाचित्रं मोठी करून बघायची आणि एकेक अक्षर ओळखीचं होईपर्यंत थांबायचं.

जॉनचं मृत्युपत्र म्हणजे जमिनीचा कागद. थोरल्या जॉनला टाँटन नदीच्या पूर्वेची शंभर एकर. जेबेझला सॅटकेट आणि पाओमेट इथली जमीन आणि कुरण, शिवाय मिल ब्रुकच्या दक्षिणेचा तुकडा. आयझॅकला नेमास्केटची. रॉकी नूकचं राहतं घर, गोठे, शेत हे सगळं ‘माझ्या प्रिय पत्नीला’ तिच्या हयातीपर्यंत वापरायला, आणि तिच्या पश्चात जोसेफला. आम्ही ज्याला हयातीतली वहिवाट म्हणायचो ती हीच, घर बाईचं नाही, बाईने मरेपर्यंत वापरायचं. मग मुली आल्या. डिझायर, होप, एलिझाबेथ, लिडिया, हॅना, रूथ. सहाही जणींना वीस-वीस शिलिंग, म्हणजे एकेक पौंड. थोरल्या जॉनची मुलगी एलिझाबेथ, तिलाही वीस शिलिंग.

ही सहा नावं एकाखाली एक वाचताना सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातल्या बहिणी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मी कितीतरी हक्कसोडपत्रं पाहिली आहेत. भाऊ पेढे घेऊन आलेला असायचा आणि बहीण सही करून कुणाशी न बोलता जिना उतरायची. प्लिमथच्या या मुलींना लग्नात काय मिळालं असेल ते या कागदात नाही, म्हणून मी जॉनला दोष देत नाही. मुलग्यांची जमीन मोजायला पान पुरत नाही आणि मुलींचं सगळं एका ओळीत मावतं, एवढं मात्र माझ्या नजरेतून सुटलं नाही.

तो गेल्यावर मार्चमध्ये घरातल्या चीजवस्तूंची मोजदाद झाली. जमिनी सोडून बेरीज १५७ पौंडांवर गेली. आपल्या जुन्या कागदांत मयताच्या अशा सगळ्या मालमत्तेला ‘जिंदगी’ म्हणतात. हा शब्द मी हजारदा लिहिला असेल, पण त्या यादीपाशी बसल्यावर तो पहिल्यांदा कानात वेगळा वाजला. यादीत मोठं बायबल आहे, बायबलमधल्या मोझेसच्या पाच ग्रंथांवरचं भाष्य आहे, आणखी काही धर्मग्रंथ आहेत. समुद्रात पडलेला नोकर पोरगा म्हातारपणी पुस्तकांच्या घरात वारला.

आता एक गोष्ट, जी मला टाळता येणार नाही. सॅटकेट, पाओमेट, नेमास्केट ही नावं इंग्रजी नाहीत. ही वाम्पानोआग लोकांची नावं. प्लिमथ जिथे वसलं तिथे त्यांचं पटक्सेट हे गाव होतं. १६१६ ते १६१९च्या साथीत ते ओस पडलं आणि पुढच्याच वर्षी जहाज किनाऱ्याला लागलं. कसलेल्या जमिनी तयार होत्या, कसणारे नव्हते. जुना फेरफार उघडला की आम्ही आधी मूळ धारक कोण ते बघायचो. जॉनच्या मृत्युपत्रातल्या प्रत्येक जमिनीला मूळ धारक आहे, फक्त त्याच्या नावाचा रकाना नाही, आणि त्याच्या भाषेतलं गावाचं नाव तेवढं शिल्लक आहे. १६७५मध्ये वाम्पानोआगांचा प्रमुख मेटाकॉम याच्या नेतृत्वाखाली वसाहतींविरुद्ध युद्ध पेटलं, त्याची सुरुवात स्वॉन्झी गावापासून झाली. डिझायरचा नवरा कॅप्टन जॉन गोरम या युद्धात तापाने गेला. मेटाकॉम १६७६च्या ऑगस्टमध्ये मारला गेला, त्याची बरीच माणसं गुलाम म्हणून वेस्ट इंडीजला विकली गेली. त्याची माउंट होपची भूमी जिंकलेल्यांनी घेतली, तिथे ब्रिस्टल गाव वसवलं, आणि जेबेझ हाउलंड त्या गावात राहायला गेला. माझ्या नातीच्या पूर्वजाचा सख्खा भाऊ. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, शाळेच्या कागदावर याला जागा नाही. म्हणून मागच्या बाजूला तिने वाम्पानोआग गावांची नावं लिहिली, स्पेलिंग मला विचारून.

या सगळ्या उलथापालथीत एलिझाबेथचं घर हललं. रॉकी नूकचं घर युद्धात जळालं असं सांगतात. नवरा गेल्यावर जेबेझच्या प्लिमथमधल्या घराचा तिला आधार होता. तो घर विकून ब्रिस्टलला गेला तेव्हा ती स्वॉन्झीला लिडियाकडे आली. चार मुलगे हयात असताना शेवटी ती लेकीकडे राहिली, जिला बापाच्या कागदात वीस शिलिंग आहेत तिच्याकडे. तिथे तिने ते मृत्युपत्र केलं.

ते मी इतक्यांदा वाचलं आहे की पानावर कुठली वस्तू कुठे आहे तेही आता दिसतं. थोरल्या जॉनला पाच पौंड, टिंडेलचा ग्रंथ, चादरींची एक जोडी, अभ्र्यांची एक जोडी, ब्लँकेटांची एक जोडी. जोसेफला वजनाचा काटा, चादरी, अभ्रे. जेबेझला पिसांची गादी आणि लोड, ‘जे त्याच्या ताब्यात आहे,’ त्यावरचं पांघरूण, दोन ब्लँकेटं, शिवाय मोठं लोखंडी भांडं आणि ते चुलीवर टांगायचे आकडे. आयझॅकला बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरचं विल्सनचं भाष्य, चादरी, अभ्रे आणि मोठी पितळी केटल, ‘जी आधीच त्याच्याकडे आहे.’ केटल म्हणजे चहाची नव्हे, तेव्हा तो शब्द उघड्या तोंडाच्या हंड्याला वापरत, हे कळल्यावर ती वस्तू मला नीट दिसली. अख्ख्या घराचं पाणी तापेल असा हंडा.

‘त्याच्या ताब्यात आहे’, ‘आधीच त्याच्याकडे आहे’, हे शब्द जमिनीच्या कागदातलेच, पण इथे ते गादीबद्दल आहेत. घर मोडलं तेव्हा सामान कुठे कुठे गेलं हे म्हातारीला नेमकं ठाऊक होतं. गादी जेबेझकडे राहिली, हंडा आयझॅक घेऊन गेला, लोखंडी पहार आणि चुलाण्यात भांडं टांगायची पट्टी नातू जेम्स ब्राउनकडे. परत आण असं ती कुणालाच म्हणत नाही. जे ज्याच्याकडे गेलंय ते त्याचंच, एवढं फक्त पक्कं करून ठेवते.

आणि मग लिडिया. तिच्यासाठी सगळं ‘सर्वांत चांगलं’ आहे. सगळ्यांत चांगली पिसांची गादी, लोड, दोन उश्या, तीन ब्लँकेटं, हिरवं पांघरूण, छोटं कपाट, चुलीत लाकडं टेकवायच्या लोखंडी घोड्यांची जोडी, लहान पितळी हंडा, लहान बायबल, रॉबिन्सन यांचं धर्मचिंतनाचं पुस्तक, सगळ्यांत तलम चादरी आणि हॉलंडच्या कापडाचे अभ्रे. मोठं बायबल जावयाला, थोरल्या जेम्स ब्राउनला. नात डॉरथीला सगळ्यांत चांगली पेटी आणि निखारे घालून अंथरूण शेकायचं लांब दांड्याचं भांडं. लिडियाला हे का, याबद्दल कागदात एक शब्द नाही. पण ती हिरव्या पांघरुणाखाली कुणाच्या घरात झोपत होती ते आपल्याला माहीत आहे. लेकीच्या घरात मलाही माझं अंथरूण आहे, हिवाळ्यात रात्री लेक येऊन खिडकीची फट बंद आहे का ते बघून जाते. ही यादी मी वाचते तेव्हा ती मला कोरडी वाटत नाही.

नवऱ्याच्या मृत्युपत्रात वीस शिलिंगांवर आलेली नात एलिझाबेथ हाउलंड इथे पुन्हा भेटते, आता ‘एलिझाबेथ बर्सली’ म्हणून. मधल्या चौदा वर्षांत तिचं लग्न झालं, आडनाव बदललं, आणि आजीने तिच्यासाठी चादरींची जोडी आणि अभ्रे राखून ठेवले. दोन कागद शेजारी ठेवले तर एक मुलगी मोठी झालेली दिसते. आमच्या खात्यात आम्ही नावातला बदल म्हणजे कटकट समजायचो.

नात डिझायर कुशमन हिला चार मेंढ्या. या मुलीची आई म्हणजे रूथ, सर्वांत धाकट्या मुलांपैकी एक. बापाच्या यादीत रूथ होती, आईच्या यादीत ती नाही, तिच्या जागी तिची मुलगी आहे. चादरी नाहीत, अभ्रे नाहीत, मेंढ्या आहेत. आईविना पोरीला वाढणारं काहीतरी द्यावं असा विचार आजीने केला असेल का? मला तसं वाटतं. स्वतः तेराव्या वर्षी पोरकी झालेली बाई होती ती. ‘माझ्या सगळ्या मुलांनी देवाचं भय बाळगून आणि एकमेकांशी प्रेमाने, शांततेने राहावं,’ असंही तिने शेवटी सांगितलं आहे, पण माझं मन त्या चार मेंढ्यांपाशी जातं.

हे सगळं झालं, आणि आमची होप कुठेच नव्हती. मी यादी तीनदा तपासली. हॅना आहे, एलिझाबेथ आहे, लिडिया आहे. होप चिपमन नाही. ज्या मुलीपासून माझ्या नातीची फांदी निघते तिचंच नाव आईच्या कागदात नाही. विहीणबाईंचा आवाज पडला. म्हणाल्या, आईच्या वहीत चूक असेल का? मी म्हटलं, थांबा. बापाच्या कागदात ती आहे, चिपमन आडनावानेच आहे. शिवाय तिच्या नवऱ्याचा, जॉन चिपमनचा, १६५८चा एक कागद मिळतो. तो सतरा वर्षांचा व्हायच्या आत इंग्लंडहून आलेला एकुलता एक मुलगा. डॉर्सेटमधली बापाची जमीन नातलगाकडे कवडीमोलाने गेली, ती परत मिळेल का, कुणी सल्ला द्याल का, अशी विनवणी त्याने त्यात केली आहे. त्याच कागदात त्याने लिहिलं आहे की त्याची पत्नी होप ही प्लिमथच्या मिस्टर जॉन हाउलंड यांची दुसरी मुलगी. आपल्या बापाची जिंदगी शोधणाऱ्या माणसाने आमच्या शोधातला दुवा जोडून ठेवला होता. ती जमीन काही त्याला मिळाली नाही.

सप्टेंबरात जावयाने दोन दिवस काढले आणि आम्ही सगळे निघालो, विहीणबाईंसह. आधी प्लिमथ. सँडविच स्ट्रीटवर जेबेझचं घर अजून उभं आहे, १६६७चं, मेफ्लॉवरवरून आलेली माणसं जिथे वावरली असं तिथलं हे एकमेव उरलेलं घर. हाउलंडच्या वंशजांच्या संस्थेने १९१२मध्ये ते विकत घेऊन राखलं. चुलाणं एवढं मोठं की नात आत वाकून वर आभाळ दिसतं का बघत होती. मी फक्त त्याच्या रुंदीकडे बघत राहिले, मोठं लोखंडी भांडं आकड्याला लटकलं की केवढी जागा लागत असेल त्याचा अंदाज घेत. दुसऱ्या दिवशी ईस्ट प्रॉव्हिडन्सला लिटल नेक स्मशानात एलिझाबेथची जागा पाहिली. ती १६८७च्या डिसेंबरात, ऐंशीव्या वर्षी, लिडियाकडेच गेली. खूण मागाहून वंशजांनी लावली आहे. विहीणबाईंनी तिथे फुलं ठेवली, मी हात जोडले.

आणि परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून बार्नस्टेबल, लॉथ्रॉप हिलचं जुनं स्मशान. रस्त्याच्या कडेलाच टेकाडावर काळसर दगड एकमेकांकडे झुकलेले. नातीनेच दगड शोधला. अक्षरं ठेंगणी, एकमेकांना चिकटलेली, तरी वाचता येतात. ‘इथे मिसेस होप चिपमन यांचा देह पुरला आहे, एल्डर जॉन चिपमन यांची पत्नी, वय ५४ वर्षं, त्यांनी ८ जानेवारी १६८३ रोजी हे जीवन देऊन अधिक चांगलं घेतलं.’ आईने मृत्युपत्र केलं त्याच्या आधीच लेक गेली होती. म्हणून ती यादीत नव्हती. विहीणबाई तिथेच गवतावर बसल्या आणि त्यांनी दगडाच्या कडेवर तळवा ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

नात शेजारी उकिडवी बसून वहीत हिशेब करत होती. जानेवारी आहे म्हणजे १६८३/४, मी काही न सांगता तिने रेघ मारली. त्यातून ५४ वजा केले. मग पुन्हा केले.

“१६२९ किंवा ३०,” ती म्हणाली. “आजी, गायीची यादी कधीची होती?”

“१६२७ची.”

“म्हणून तिच्यात पण होप नाहीये.” तिने पेन्सिल कानावर खोचली. “होप रॅगहॉर्नपेक्षा लहान होती.”